खांडीतल्या माणसाला धरणारा

हिराजी, मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी तुझा पुतण्या पेणला माझ्या वाचनालयात आला. तो म्हणाला, काका गेले. मी रजिस्टर मिटलं, कुलूप लावलं आणि कासूची एस.टी. धरली. तुला अंगणात ठेवलं होतं. बारा वाजता उचललं.

आज नववा दिवस. आम्हा यहुद्यांत रक्ताचं माणूस गेलं की सात दिवस जमिनीवर बसतात, कामाला हात लावत नाहीत. तू माझ्या रक्ताचा नव्हतास, म्हणून मला तसं बसता आलं नाही. रोज वाचनालय उघडलं, पुस्तकं दिली, घेतली, कोण काय विचारत होतं त्याला मान हलवून उत्तर दिलं. आज लिहायला बसलो आहे. मी हळू लिहितो. चार वर्षं तू माझ्या टेबलासमोर बसून, गुडघ्यावर टोपी ठेवून, मला हेच ऐकवत आलास: "अरं दाविद, एवढ्या वेलात माजा अख्खा भात झोडून व्हतो."

तुझी शेती, तुझं मिठागर, तुझी पंचायतीतली भाषणं, हे सगळं गावाला माहीत आहे. ते गाव सांगेल. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचं आहे, कारण ते अर्धं राहिलं. पेणच्या एस.टी. स्टँडवर मी तुला जे बोललो ते मागे घ्यायला मला अठरा दिवस मिळाले होते. कासू काही विलायतेत नाही. मी ते अठरा दिवस पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवण्यात घालवले.

तुझ्या मुलाच्या, विलासच्या, मृत्यूबद्दल आलेल्या पत्रापासून सुरुवात करतो. तो गेला आणि दीड महिन्याने लष्कराकडून इंग्रजी पत्र आलं. ते तू न फोडता माझ्याकडे आणलंस. बाहेर दोघं-तिघं पेपर वाचत होते, म्हणून आपण मागच्या खोलीत, बांधणीला काढलेल्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी बसलो. उत्तरेकडच्या एका नदीला पूर आला होता, विलासची तुकडी तिथला बांध वाचवायला गेली होती, बांध फुटला तिथे तो पाण्यात उतरला आणि वाहून गेला, एवढं तुला तारेने कळलेलं होतं. पत्रात पुढचं होतं. मी ते आधी मनात वाचलं. मग तुला सांगितलं, आदेश नसताना पाण्यात उतरला, सबब मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

तू विचारलंस, "म्हंजे चूक त्याची?"

"असं ते लिहितात."

"ते म्हंजे कोन?"

खाली सही होती. नाव मला वाचता आलं नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी आलं नाही. तू कागद माझ्या हातातून घेतलास, उजेडाकडे धरलास, आणि म्हणालास, "माज्या पोराचा नाव बगा कसा टाइप केलाय चांगला. आनि ह्याचा नाव म्हंजे निसता गांडूल काढलाय."

त्या दिवसापासून आपले अर्ज सुरू झाले. तुला एकच गोष्ट हवी होती. त्या कागदावरून विलासची चूक काढून टाका. मी मराठीत लिहायचो, मग इंग्रजीत लिहायचो, तू दोन्हीवर तीच वळणदार मराठी सही करायचास. सातवीपर्यंत आपण एका बाकावर होतो. आत्याकडे राहून तू पेणला शिकलास तेवढ्यात ती सही कमावली होतीस, आणि तिचा तुला गर्व होता. उत्तरं यायची. आपलं पत्र योग्य त्या कार्यालयाकडे पाठवण्यात आलं आहे. योग्य ते कार्यालय कळवायचं, पत्र दुसऱ्या योग्य कार्यालयाकडे गेलं आहे. तू हसायचास. "माजा अर्ज माज्यापेक्षा जास्त फिरला. दिल्ली बगून आला. मी अजून पुना नाय बगला."

मधल्या काळात परदेशी गेलेल्या माझ्या धाकट्या भावाचं पत्र आलं होतं, तिकडेच ये, आता पेणमध्ये आपली तीन घरं उरलीत, शनिवारी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही जमत नाहीत. मी ते तुला वाचून दाखवलं. तू गुडघ्यावरची टोपी उचलून झटकलीस. मग म्हणालास, "जा. पन जायच्या आधी दुसरा कोनतरी बगून दे, इंग्रजी येनारा." आणि उठताना, "त्याचा अक्षर तुज्यापेक्षा बरा असंल, आनि जलद." मी भावाला नाही म्हणून कळवलं. त्याचं कारण तू होतास असं मी तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं होतं, कारण पुढच्या वेळी तू पिशवीभर जिताडा मासा घेऊन आलास आणि म्हणालास, "ह्याला खवलं हायत. तुमच्यात चालतो. मी इचारलाय."

मी एका साप्ताहिकाला विलासबद्दल पत्र लिहिलं. ते वाचून मुंबईहून नीरजा आली. पंचविशीची मुलगी, खांद्यावर कॅमेरा, सोबत एक आवाज टिपणारा. तिला माहितीपट करायचा होता. तुझ्या गावात तिला सगळे 'शूटिंगवाली' म्हणायला लागले. ती आपल्यापेक्षा पुढे गेली. तिने विलासबरोबरचा साताऱ्याकडचा एक जवान शोधून काढला. तो नोकरीतून बाहेर पडला होता. त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं, "साहेब म्हणाले, बघता काय, उतरा. आम्ही दोर मागितला. दोर मागच्या गाडीत होता. विलास पहिला उतरला. दोर आला तेव्हा तो दिसत नव्हता." हे आपल्याला चार वर्षांत मिळालं नव्हतं. आदेश तोंडी होता, म्हणून कागदावर नव्हता, आणि कागदावर नव्हता म्हणून झालाच नव्हता.

मला वाटलं, जिंकलो.

मग पेणच्या सभागृहात, भाड्याच्या मोठ्या टीव्हीवर तो माहितीपट लागला. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या, मागे माणसं उभी होती. जवानाचं बोलणं संपलं आणि पडद्यावर तू आलास. बांधावर उभा, मागे खाडी, डोळ्यांवर ऊन. नीरजाचा आवाज विचारतो, विलास असा कसा उतरला असेल? आणि तू छाती काढून सांगतोस, "आमच्याकडं बांधाला खांड गेली का कोनी कोनाची वाट बगत नाय. जो पैला बगतो तो उतरतो. माज्या पोराला कोनी सांगायची गरज नव्हती. तो सोताच उतरला असंल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही.

ज्यांनी खारजमीन पाहिली नाही त्यांना हे वाक्य फुशारकीचं वाटेल. ते तसं नव्हतं. उधाणाच्या भरतीला बांध कुठेतरी हात-दोन हात तुटतो. ती खांड तासाभरात दहा हात होते आणि सगळ्या गावाचं शेत खारं करून टाकते. पुढची तीन वर्षं त्यात भात होत नाही. म्हणून पाहणारा माणूस आधी त्या तुटलेल्या जागी स्वतः उभा राहतो, पाण्याला पाठ देऊन. बाकीचे पेंढा आणि चिखल आणेपर्यंत तोच बांध. मी हे एकदाच पाहिलं आहे. आपण वीस-बावीस वर्षांचे होतो. मी तुझ्याकडे जेवायला आलो होतो, हातात पुस्तक होतं, आणि दुपारी बांधावरून चालताना तू एकदम धावत सुटलास. मी पोचलो तेव्हा तू छातीपर्यंत पाण्यात होतास आणि ओरडत होतास, "दाविद, पुस्तक ठेव नि मना धर!" मी पुस्तक ठेवायला कोरडी जागा शोधत होतो. तू मला ज्या शिव्या घातल्यास त्या मी इथे लिहीत नाही. शेवटी मी बांधावर पालथा पडलो, तुझ्या दोन्ही काखांत हात घातले, आणि गाव येईपर्यंत तसाच राहिलो. माझा सदरा फाटला, पुस्तक वाहून गेलं. ते वाचनालयाचं होतं. ही गोष्ट तू माझ्या फजितीची म्हणून पन्नास लग्नांत सांगितलीस.

तर, पेण. माहितीपट संपल्यावर एक निवृत्त लष्करी अधिकारी उठले. चांगले गृहस्थ, माझ्याकडून नेमाने पुस्तकं नेतात. त्यांनी तुला सलाम केला. म्हणाले, "असा बाप आहे म्हणून असा मुलगा झाला. आणि बघा, वडील स्वतः सांगताहेत, तो आपण होऊन उतरला. मग अहवालात चूक काय? एका शूराच्या मरणावरून आता कोणाला जाब विचारायचा, कशासाठी विचारायचा? त्याने देशाचीच मान खाली जाते." पुन्हा टाळ्या. कोणीतरी घोषणा दिली. आणि तू, हिराजी, उभा राहिलास आणि सगळ्यांना हात जोडलेस. तुझे डोळे भरले होते. चार वर्षांत पहिल्यांदा भरल्या सभेत विलासला कोणी शूर म्हटलं होतं.

मी तुला बाहेर काढलं. स्टँडवर चहा घेतला. मी म्हणालो, "ते वाक्य नीरजाला काढून टाकायला सांगू."

"कशाला? खोटा हाय का?"

"खरं आहे म्हणूनच. त्यांना तेच हवं होतं. मी चार वर्षं लिहितोय आदेश होता, आणि तू कॅमेऱ्यासमोर सांगतोस तो स्वतःच उतरला."

"आदेस नसता दिला तरी उतरला असता. माजा पोर हाय तो."

"मग अर्ज कशाला करतोस?"

मी तिथे थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "तुझ्या अभिमानापायी तू पोराची चूक कबूल केलीस. आतापर्यंत त्या कागदावर त्यांची सही होती. आता तुझी पण झाली."

तू कप अर्धा ठेवलास आणि म्हणालास, "कासूची गाडी लागली." गाडी लागली नव्हती. तू जाऊन रिकाम्या फलाटावर उभा राहिलास, माझ्याकडे पाठ करून.

त्यानंतर दहा दिवसांनी तुझा पुतण्या आला. "काका इचारतात, रविवारी रोह्याला पिक्चर दाखवनार हायत, येताव का?" मी म्हणालो, पुस्तकांची मोजणी चालू आहे. मोजणी महिनाभर पुढे ढकलता आली असती. पुतण्या गेला. हेच मला तुला सांगायचं होतं आणि तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो: मला काम नव्हतं. माझा राग गेला नव्हता, आणि तो गेला नव्हता कारण मला माझ्या अर्जांचा तुझ्यापेक्षा जास्त गर्व होता.

रोह्यात काय झालं ते मला तू गेल्यावर चौथ्या दिवशी कळलं. मी तुझ्या ओट्यावर बसलो होतो. यशोदावहिनी दारात होत्या. इतर बायका आत होत्या. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी रोह्याला नाय आलाव."

"नाही आलो वहिनी."

"यायला पायजे व्हता. ते लय बोलले."

आणि त्यांनी सगळं सांगितलं, तुझा आवाज काढून, तुझ्यासारखी मान वाकडी करून. रोह्यात कॉलेजचे एक प्राध्यापक उठले होते आणि त्यांनी पेणचाच प्रश्न विचारला: काका, तुम्हीच म्हणता तो आपण होऊन उतरला, मग जबाबदार कोणाला धरायचं? तू पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन उठलास.

"सोताच उतरला. शंभर वेला सांगीन. पन सायेब, तुमी अर्धाच आयकलाव. आमच्यात उतरनाऱ्याला कोनी सांगत नाय, तसा धरनाऱ्याला पन सांगावा लागत नाय. एक उतरला का दुसरा त्याला धरतो. मंग तो कोनी का असंना, पाटील असंना. आनि उतरनारा गेला तर गाव त्याला काय बोलत नाय. गाव धरनाऱ्याला इचारतो, तू कवा सोडलास? का सोडलास? मी चार वरसं तेच इचारतंय. माज्या पोराला धरायला कोन व्हता? माज्या पोराचा नाव तुमी कागदावर घातलाव ना? आता त्याचा पन घाला."

मग मागून कोणीतरी, थोडं चिडवल्यासारखं, विचारलं, "बाबा, तुम्ही कधी उतरला होतात का?"

"उतरलोय तर. मना धरनारा पेनला हाय. आज आला नाय. रागावलाय माज्यावर."

सगळी सभा हसली म्हणे. हे सांगताना वहिनीही हसल्या, आणि मग पदर तोंडावर घेऊन आत गेल्या. मी ओट्यावर बसून राहिलो. तुझ्या पुतण्याने पाणी आणून दिलं.

हिराजी, मी चार वर्षांत सत्तावीस अर्ज लिहिले. प्रत्येकात आदेश होता की नव्हता यावर वाद घातला. तो त्यांचा शब्द होता. त्यांनी मैदान आखून दिलं आणि मी त्यात खेळत राहिलो, व्याकरण सांभाळून. ज्याने स्वतःच्या हाताने तुला पाण्यात धरून ठेवलं होतं, त्याला एकदाही सुचलं नाही की विचारायचं ते हे आहे. मी ती गोष्ट फक्त बुडालेल्या पुस्तकाची म्हणून लक्षात ठेवली. स्टँडवर मी बोललो ते मागे घेतो. तुझी सही त्या कागदावर कधीच नव्हती.

एक गोष्ट मात्र मागे घेत नाही. आदेश दिला होता, असं मला अजूनही वाटतं, आणि त्याने फरक पडतो. तू म्हणायचास, पडत नाही. हे भांडण तसंच राहू दे. त्यात मी अजून हरलेलो नाही.

शुक्रवारी मी अलिबागला गेलो. ज्या कार्यालयात आपला शेवटचा अर्ज पडून आहे तिथल्या लिपिकाला तू गेल्याचं सांगितलं. त्याने हळहळ व्यक्त केली, खरीच. मग फाईल काढली आणि म्हणाला, "अर्जदार मयत म्हटल्यावर आता हे प्रकरण निकाली निघेल. तुमचीही दगदग संपली, मास्तर."

मी म्हणालो, "मी मास्तर नाही. आणि दगदग संपलेली नाही. निकाली काढायचं नसेल तर काय लागतं?"

"वारसाचा अर्ज. पण तो नव्याने. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून."

"चालेल," मी म्हणालो. इतक्या मोठ्याने बोललो की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर पाहिलं. मी आयुष्यात कुठल्याही कार्यालयात आवाज चढवलेला नाही. तू असतास तर बाहेर येऊन पोट धरून हसला असतास.

परतल्यावर ते निवृत्त अधिकारी पुस्तक बदलायला आले. त्यांनी तुझ्याबद्दल मनापासून चांगलं म्हटलं आणि मग म्हणाले, आता त्या बिचाऱ्यांना शांतता मिळू द्या, मेलेल्यांचा मान राखायचा तर असे विषय थांबवावेत. पूर्वी मी मान हलवली असती. या वेळी म्हणालो, "साहेब, मान राखणं आणि प्रश्न न विचारणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही पहिलं सांगता आणि त्याच्या आडून दुसरं करून घेता. तुम्ही तुकडीवर होतात तेव्हा तुमचा माणूस पाण्यात असताना दोर कोणाच्या ताब्यात असायचा?" त्यांनी पुस्तक घेतलं. रजिस्टरवर सही केली. दारापर्यंत जाऊन परत आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "ते ठरलेलं असतं. त्याची नोंद असते." आणि गेले. हिराजी, नोंद असते.

काल मी नवा अर्ज घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनींना वाचून दाखवला. तीनच ओळी आहेत. माझा मुलगा पाण्यात उतरला, हे आम्हाला मान्य आहे. त्या वेळी त्याला धरण्याची आणि दोराची जबाबदारी ज्याच्यावर नोंदलेली होती, त्याचं नाव कळवावं. त्याने काय केलं, तेही कळवावं.

वहिनी म्हणाल्या, "एवढाच?"

"एवढंच."

"मंग चार वरसं तुमी दोगं एवढा काय लिवत व्हताव?"

त्यांनी पुतण्याला अंगठ्यासाठी शाई आणायला पिटाळलं, मग त्याला परत हाक मारली. "ऱ्हाऊ दे. मी सही करीन. ह्यांनी शिकवली व्हती मना." त्या पाटावर बसल्या, कागद गुडघ्यावर घेतला. नाव लिहायला त्यांना माझ्यापेक्षाही जास्त वेळ लागला. मी घाई केली नाही. आतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "यसोदे, दाब नीट गो, दिसला पायजे." वहिनी वर न बघता म्हणाल्या, "दिसंल."

आज सकाळी पेणच्या पोस्टातून अर्ज रजिस्टर्डने गेला. उद्या तुझा दहावा आहे, मी पहिल्या एस.टी.ने येतो. दर पंधरवड्याला शनिवारी मी कासूला जायचं असं वहिनींशी ठरलं आहे. शनिवारी आमच्यात लिहीत नाहीत, म्हणून कागद मी शुक्रवारीच तयार ठेवीन. अर्जदार आता यशोदा हिराजी आहे. त्या तीन ओळींना उत्तर यायचं आहे.